रमण राघव: पाठलाग नोंदींचा, प्रश्न मनाचा

आजच्या भागात रमण राघव. सायको किलर म्हटलं की आपल्या डोक्यात लगेच सिनेमा सुरू होतो. चलाख खुनी, त्याच्याहून चलाख पोलीस आणि दोघांचा माइंड गेम. खरी केस तशी नव्हती.

मी लोअर परळला काम करतो, जुन्या गिरणीच्या जागेवरच्या टॉवरमध्ये. साठच्या दशकात या भागात एका खोलीत इतके कामगार राहायचे की झोपायलासुद्धा पाळ्या लागायच्या. बाकीचे गॅलरीत नाहीतर फुटपाथवर पथारी टाकायचे. उपनगरांत रेल्वेलाइनच्या कडेच्या झोपड्यांना तर धड दारही नसायचं. १९६५-६६ मध्ये आणि पुन्हा १९६८ मध्ये खून झाले ते उपनगरांतल्या अशाच लोकांचे. रात्री, झोपेत, डोक्यात घाव घालून. पण उघड्यावर झोपणारा माणूस सगळ्या मुंबईत होता, म्हणून भीतीही सगळीकडे पसरली.

आता गंमत बघा. पहिल्या सत्रातच पोलिसांनी त्याला संशयावरून पकडलं होतं. दरोड्यासाठी शिक्षा भोगलेला, बोटांचे ठसे रेकॉर्डवर असलेला माणूस. पण खुनाचा पुरावा नव्हता, म्हणून सोडावं लागलं.

१९६८ मध्ये तपास क्राइम ब्रँचच्या रमाकांत कुलकर्णींकडे आला. २७ ऑगस्टला सब-इन्स्पेक्टर अ‍ॅलेक्स फियालो यांनी फोटो आणि वर्णनावरून त्याला रस्त्यात ओळखलं. झडतीत निघालं काय, तर चष्मा, कंगवे, कात्री, लसूण, चहाची पूड. नाव तो वेगळंच सांगत होता, पण ठसे जुन्या कार्डाशी जुळले. आम्ही डेटाबेसमध्ये जे 'मॅचिंग' करतो ना, ते इथे कागदावर आणि एका फौजदाराच्या डोक्यात झालं.

बरेच दिवस तो गप्प होता. मग कोंबडीचं जेवण मागितलं, मिळालं, आणि बोलायला लागला. लोखंडी आकडा कुठे लपवलाय तेही दाखवलं.

त्याच्या मनाचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला तो कोर्टात. आपण माणूस मारतोय हे त्याला कळत होतं; पण ते बेकायदा आहे हे कळत होतं का? सत्र न्यायालयाने बचाव पक्षाच्या मानसोपचारतज्ज्ञाचं मत न मानता १९६९ मध्ये फाशी दिली. फाशी कायम करण्याआधी हायकोर्टाने तीन मानसोपचारतज्ज्ञांकडून तपासणी करून घेतली. त्यांना तो गंभीर मनोरुग्ण आढळला. १९८७ मध्ये फाशीची जन्मठेप झाली. १९९५ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात तो वारला.

मला या केसमधली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते. वीसहून जास्त गरिबांना झोपेत मारणाऱ्याला लटकवा म्हणणं सोपं होतं. तरी कोर्टाने आधी डॉक्टरांना विचारलं. थ्रिलर आरोपी सापडला की संपतो. खरा अवघड भाग त्यानंतर सुरू होतो.

तुम्हाला काय वाटतं, जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात!