चित्राचे नाव कोणाचे?

कलावंताने आपल्या कृतीस नाव द्यावे काय, या प्रश्नाचा विचार करताना आम्हांस खान्देशच्या वेशीवरील अजिंठा आठवतो. जळगावहून तेथे जाणाऱ्या उपासकास सोळाव्या लेण्यात ‘मरणोन्मुख राजकन्या’ दाखविली जाते. हे नाव चित्रकाराचे नव्हे. एकोणिसाव्या शतकातील इंग्रज अभ्यासकांनी ते रूढ केले. पुढील संशोधकांनी चित्रातील मुकुटधारी सेवकावरून ती नंदाची पत्नी असल्याचे ओळखले. पालि साहित्यातील ही जनपदकल्याणी. अश्वघोषाच्या ‘सौंदरनंद’ काव्यातील सुंदरी. ती मरत नाही. पतीच्या प्रव्रज्येची वार्ता ऐकून मूर्च्छित झाली आहे.

पाचव्या शतकातील प्रेक्षकास कथा ठाऊक होती, म्हणून नावाची गरज भासली नसावी. पुढे कथेची परंपरा खंडित झाली आणि परक्या नावाने तिची जागा घेतली. त्या नावाने मृत्यू दाखविला, प्रव्रज्या मात्र झाकली.

याउलट मध्य भारतातील भरहुत येथे, इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात, अनेक शिल्पांवर जातकांची नावे ब्राह्मीत कोरली गेली. ती आजही निःसंदिग्ध आहेत. चाळीसगावनजीकच्या पितळखोऱ्यातील यक्षाच्या हातावर तर घडविणाऱ्या कण्हदास सुवर्णकाराचे नाव आहे.

समाजाची स्मृती अखंड राहीलच, असा भरवसा कलावंताने धरू नये. नाव द्यावे, असे आमचे मत आहे. जेथे ते दिलेले नाही, तेथे कथा सांगण्याचे उत्तरदायित्व आपले आहे. मुलांना अजिंठा दाखविताना प्रथम नंदाची कथा सांगावी.