बसल्यावर वाढणारी वेदना आणि नर्व्ह ब्लॉक

बसले की गुदद्वार व जननेंद्रियांच्या भागात जळजळ होते, उभे राहिल्यावर ती उतरते. तपासण्या मात्र निर्दोष येतात. घोटीहून नाशिकपर्यंतचा बसप्रवासही अशा रुग्णास असह्य होतो. संकोचापोटी काहीजण मूळव्याधीचेच उपचार घेत राहतात.

या वेदनेमागे प्युडेंडल मज्जातंतू असू शकतो. त्रिकास्थीतून निघणारा हा तंतू अल्कॉक नलिकेत दाबला जातो. निदानासाठी २००८ साली प्रसिद्ध झालेले नान्त निकष वापरतात : वेदना याच तंतूच्या क्षेत्रात असणे, बसल्याने वाढणे, तिने रात्री जाग न येणे, स्पर्शज्ञान शाबूत असणे आणि ब्लॉकने आराम पडणे.

ब्लॉकमध्ये सोनोग्राफी, क्ष-किरण वा सीटी स्कॅनच्या आधारे तंतूजवळ भूल देणारे औषध टोचतात. हे मुख्यतः निदानाचे साधन असून आराम काही तासांचाच असू शकतो. स्टेरॉइड मिसळल्याने अधिक लाभ होत नसल्याचे २०१७ च्या फ्रेंच चाचणीत दिसले.

उपचारांचा आरंभ औषधे व फिजिओथेरपीने होतो. निवडक रुग्णांत रेडिओफ्रिक्वेन्सी वा तंतू मोकळा करण्याची शस्त्रक्रिया केली जाते. रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास ब्लॉकपूर्वी डॉक्टरांना सांगावे. लघवी अडल्यास किंवा बैठकीचा भाग बधिर झाल्यास तातडीने रुग्णालय गाठावे.