नाताळच्या सुट्टीतील ग्रहमाला

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मुले किल्ले बांधीत असू. लंडनच्या मुलांची नाताळची सुट्टी मात्र एक संस्था निराळ्याच उद्योगाला लावीत आली आहे. रॉयल इन्स्टिट्यूशनने १८२५ साली मुलांसाठी, शाळेबाहेर, विज्ञानाची व्याख्याने सुरू केली. त्यांतल्या १९ माला एकट्या मायकेल फॅरडेने गुंफल्या. त्याला स्वतःला शाळा अशी फारशी लाभलीच नव्हती!

मला मोह पडतो तो १९७७ च्या मालेचा. विषय ग्रह, वक्ते कार्ल सेगन. हे गृहस्थ नुसते पुस्तकी पंडित नव्हते. १९७६ साली मंगळावर उतरलेल्या व्हायकिंग यानांची छायाचित्रे अभ्यासणाऱ्या मंडळींत ते होते. व्हॉयेजर याने तर तेव्हा गुरूच्या वाटेवरच होती. ती पोहोचली १९७९ साली. म्हणजे ऐकणाऱ्यांना जे ठाऊक नव्हते, त्यातले पुष्कळसे सांगणाऱ्यालाही ठाऊक नव्हते.

सहावे व्याख्यान परक्या सूर्यांच्या ग्रहांवर होते. असा एकही ग्रह तोवर सापडलेला नव्हता. न सापडलेल्या वस्तूवर आमचे गुरुजी असे बोलते, तर दिपोटीसाहेबांनी त्यांची हजेरीच घेतली असती! शाळेत परीक्षा असते. तिथे ‘ठाऊक नाही’ या उत्तराला गुण नसतात. सुट्टीतल्या वर्गाला तेवढी मोकळीक.

५१ पेगासी या सूर्यासारख्या ताऱ्याभोवती ग्रह सापडला तो १९९५ साली. त्या बाकांवरची मुले तेव्हा तिशीच्या आसपास पोहोचली होती. सेगनही हयात होते. पुढल्याच वर्षी ते वारले.