पाचोळा कोण झाडणार?

मोहाच्या झाडाखालचा खराटा, आग आणि ब्लोअर यांचा छोटा इतिहास

एटापल्लीत बर्फ पडत नाही, पाचोळा पडतो. जानेवारी सरता सरता साग पानं टाकायला लागतो. एकेक पान हातभर लांब, आणि वाळलं की पापडासारखं. मार्चपर्यंत जंगलात पाय टाकला की आवाज झाल्याशिवाय राहत नाही. कॅनडातल्या माणसाला दारातल्या बर्फाचं जे करावं लागतं, तेच आमच्याकडे मोहाच्या झाडाखालच्या पाचोळ्याचं करावं लागतं. तो हटवल्याशिवाय पुढचं काम सुरू होत नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण इंजिनिअरिंगची पदवी असल्यामुळे बोअरच्या मोटारीपासून इन्व्हर्टरपर्यंत कुठल्याही यंत्राचा प्रश्न गावाकडून माझ्याकडेच येतो. हल्ली प्रश्न असा असतो : "वनविभागवाले पाठीला लावून पानं उडवतात ना, तशी मशीन घरी घ्यायची आहे. कोणती घेऊ?" फोनवर मॉडेलचं नाव सांगून मोकळं होता येतं. पण हे यंत्र नेमकं कशाची जागा घेणार आहे, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

फुलं दिसायला हवीत

मोहाचं फूल रात्रीतून आणि पहाटे गळतं. पिवळसर पांढरं, मांसल, बोटाच्या पेराएवढं. पाचोळ्यात पडलं की शोधणं मुश्कील. म्हणून फुलं गळायला लागण्याआधी झाडाखालची जमीन साफ करायची असते. कुठलं झाड कुठल्या घराचं, हे जंगलातसुद्धा ठरलेलं असतं आणि सहसा त्यावरून भांडण होत नाही. साफ करायच्या दोन जुन्या रीती आहेत. एक, खराट्याने झाडायचं. दोन, काडी लावायची.

झाडायचं काम बहुतेक घरांत बाईकडे येतं. हिशोब करून पाहा. झाडाचा घेर दहा मीटर धरला तर त्याखालची जमीन सुमारे ७८ चौरस मीटर होते. घरची दहा झाडं असतील तर जवळपास ७८० चौरस मीटर, म्हणजे दोन बॅडमिंटन कोर्टांच्या सुमारे पावणेपाचपट. तीही सपाट नाही. मुळं, दगड, वारुळं, सगळं त्यातच. आणि आज झाडलं तरी चार दिवसांत वाऱ्याने पुन्हा पानं येतात. काडी मात्र हेच काम काही मिनिटांत करते. म्हणून जंगलाला आग लावणारा माणूस मुद्दाम जंगल जाळायला निघालेला असतो असं नाही. बऱ्याचदा त्याला झाडाखालची जमीन तेवढी स्वच्छ हवी असते. आग मात्र त्याने ठरवलेल्या घेरात थांबत नाही.

त्यात मोहाचंही नुकसान आहे. मोठं झाड अशा आगीतून बहुधा निभावतं, बुंधा तेवढा काळा पडतो. खालची रोपं मात्र जळतात. आजोबांनी वेचलं त्याच झाडाखाली नातू वेचतो, पण शेजारी नवीन मोह उभा राहत नाही.

जाळरेषेचा कायदा

या आगीकडे सरकारचं लक्ष गेलं ते इंग्रजांच्या काळात. १८६०च्या दशकात मध्य प्रांताच्या वनखात्याचे कर्नल पिअरसन यांनी बोरीच्या जंगलात पद्धतशीर अग्निसंरक्षण सुरू केलं. जंगलाचे तुकडे पाडायचे, मधल्या पट्ट्यांतलं गवत-पाला हटवायचा, उन्हाळाभर पहारा ठेवायचा. त्या पट्ट्यांना आपल्याकडे जाळरेषा म्हणतात. नाव नीट वाचा : आग लागायच्या आधीच खात्याने स्वतः जाळून मोकळी केलेली रेषा. म्हणजे काडीचं काम खात्यालाही ठाऊक होतं. वेळेवर आणि पहाऱ्यात लावलेली आग त्याला उपयोगाची होती, गावकऱ्याची आग तेवढी गुन्हा.

१९२७च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम २६ने राखीव जंगलात आग लावणं गुन्हा ठरवलं. त्याच कलमात आणखी एक तरतूद आहे, तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. राखीव जंगलात आग मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणाने लागली असेल, तर सरकार त्या भागातले चराईचे आणि वनोपज घेण्याचे हक्क ठरावीक मुदतीसाठी स्थगित करू शकतं. म्हणजे काडी एकाची आणि फटका सगळ्या गावाला.

हा मुलूख तेव्हा चांदा जिल्ह्यात, अहेरी जमीनदारीत होता. १९५१मध्ये जमीनदारी गेली. १९५६मध्ये चांदा मुंबई राज्यात आला, १९६०मध्ये महाराष्ट्रात. २६ ऑगस्ट १९८२ला गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. राज्यं बदलली, जिल्हा बदलला, पण मोहाखाली खराटा आणि काडी तीच राहिली.

मोठा बदल आला तो २००६च्या वनहक्क कायद्याने. गौण वनोपजावर गावाची मालकी मान्य झाली आणि जंगल राखायचा अधिकार ग्रामसभेला मिळाला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा)ला २००९मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले, आणि पुढे जिल्ह्यातल्या कितीतरी ग्रामसभा तेंदू-बांबूचा व्यवहार स्वतः करू लागल्या. मालकी आली की आगीची जबाबदारीही येते. आता जळतं ते 'सरकारचं जंगल' नसतं, आपलंच उत्पन्न असतं.

आणि आता वरूनही पाहिलं जातं. भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहाच्या मदतीने आगीचे ठिपके टिपते आणि नोंदणी केलेल्यांना मोबाइलवर संदेश पाठवते. एका उपग्रह-यंत्रणेचा एक चौकोन ३७५ मीटर बाजूचा आहे, म्हणजे सुमारे १४ हेक्टर. त्या १४ हेक्टरांत कुठेतरी धग आहे एवढंच त्यावरून समजतं. काडी कुणी लावली, बिडी कुणी टाकली, की वणवा शेजारच्या हद्दीतून आला, हे ठिपका सांगत नाही. संशय मात्र मोह वेचणाऱ्यावर आधी जातो.

पंख्याचा जन्म

आता यंत्राकडे. बर्फ उडवणारं यंत्र क्यूबेकच्या आर्थर सिकार्ड यांनी १९२५मध्ये तयार केलं. १९२७मध्ये ते पहिल्यांदा विकलं गेलं, ते मॉन्ट्रियलला लागून असलेल्या उत्रमाँ या शहराला. हे लक्षात ठेवा : पहिलं गिऱ्हाईक घर नव्हतं, गाव होतं. अंगणात ढकलायची छोटी यंत्रं घरोघरी जायला पुढे काही दशकं लागली.

पानं उडवणारा ब्लोअर शेतातून आला. पाठीवर बांधून औषध फवारायच्या पंप-यंत्रात जोराचा पंखा असतो. लोकांनी औषधाचा भाग काढून नुसत्या हवेने पानं उडवायला सुरुवात केली, आणि कंपन्यांनी तेच वेगळं यंत्र म्हणून विकलं. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियात दुष्काळ पडला, पाइपने अंगण धुण्यावर बंधनं आली, आणि ब्लोअरचा खप वाढला. आवाजाची तक्रारही लगेच आली. तिथल्या कार्मेल गावाने १९७५मध्येच त्यावर बंदी घातली. आमच्याकडे हे यंत्र जाळरेषा साफ करायला वनविभागाच्या पाठीवरून आलं. झाडलेल्या रेषेवर आठवड्यात पुन्हा पानं पडतात, तिथे ते खरोखर कामाचं आहे.

मग कोणता घ्यायचा?

पहिली गोष्ट वजन. हातातला ब्लोअर चार-पाच किलोंचा, दोन-चार झाडांसाठी ठीक. पाठीवरचा दहा किलोंच्या आसपास, पण भार खांद्यांवर वाटला जातो आणि सागाची ओली-जड पानंही हलतात. बॅटरीचा शांत असतो, पण पूर्ण जोरात थोडाच वेळ चालतो. आतल्या गावात वीज कधी जाईल याचा नेम नाही, तेव्हा तो पहिलं यंत्र म्हणून नको.

दुसरी गोष्ट दुरुस्ती. बहुतेक पेट्रोल ब्लोअर दोन-स्ट्रोकचे असतात. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं, आणि प्रमाण पुस्तिकेत दिलं असेल तेच. नुसतं पेट्रोल घातलं की इंजिन गेलं. हंगाम संपला की टाकी रिकामी करून ठेवायची, नाहीतर पुढच्या वर्षी कार्बोरेटर चिकटलेला मिळतो. तालुक्यात फवारणी-पंप आणि ग्रासकटर दुरुस्त करणारा मिस्त्री ज्या कंपनीचे सुटे भाग ठेवतो, त्याच कंपनीचं यंत्र घ्या. ऑनलाइन हजार रुपये वाचवून प्लगसाठी नागपूर गाठण्यात अर्थ नाही.

तिसरी गोष्ट वेळ. ब्लोअर दुपारी चालवा, फुलं पडायच्या आधी. पडल्यावर चालवला तर फुलंही पानांबरोबर उडतील. पहाटे तर नकोच. मोह खायला अस्वलही येतं, आणि कानाशी शंभर डेसिबलच्या आसपास आवाज असताना ते ऐकू येणार नाही. दुपारीसुद्धा कानात बोळे हवेतच.

चौथी गोष्ट पाचोळ्याची. फक्त झाडाच्या घेराखालचा उडवा. सगळं रान झाडायचं नाही, कारण पावसाचं पाणी त्याच पानांखाली मुरतं. उडवलेली पानं घेराभोवती रास करून ठेवू नका. तशी रास म्हणजे आगीला आयतं सरण. बाहेर पातळ पसरू द्या.

आता मूळ प्रश्न : घरी घ्यावा का? हे यंत्र वर्षातून फार तर महिनाभर लागतं. अकरा महिने ते कोपऱ्यात पडून राहणार. एका घराने घेतलं तर त्या घराची कंबर वाचेल, शेजारचं घर काडीच लावेल आणि ती आग दोघांच्या झाडांपर्यंत येईल. म्हणून माझा सल्ला असा : घरासाठी दोन चांगले दाताळे घ्या, आणि ब्लोअर ग्रामसभेला घ्यायला लावा. तेंदू-बांबूच्या पैशातून एक-दोन यंत्रं, चालवणारे चार जण शिकवलेले, त्यात बायकाही, आणि कुठल्या झाडाखाली कधी फिरवलं याची वही. पेट्रोलचा खर्च झाडामागे वाटून घ्यायचा. छत्तीसगडमध्ये मोहाखाली जाळी बांधून फुलं झेलतात. तसं एखाद्या झाडाला करून पाहायलाही हरकत नाही. जाळीला पेट्रोल लागत नाही आणि फुलाला माती लागत नाही.

त्या वहीचं महत्त्व यंत्राइतकंच आहे. उद्या मोबाइलवर ठिपका आला आणि कुणी गावाकडे बोट दाखवलं, तर आमच्या मोहाखाली काडी लागत नाही हे सांगायला गावाकडे तारखांसकट लेखी काहीतरी असेल. कलम २६ची ती जुनी तरतूद अजून पुस्तकात आहे. ब्लोअर निवडताना तीही विचारात घ्या.