जट, जटा आणि गंगावन

पेणहून रोह्याकडे निघाले की वाटेत नागोठणे लागते. तेथला पेट्रोरसायन प्रकल्प इंडियन पेट्रोकेमिकल्सने 1990 च्या सुमारास सुरू केला. 2002 मध्ये ती कंपनी रिलायन्सच्या ताब्यात गेली. तेथे तयार होणाऱ्या मालात पॉलिप्रॉपिलीनचे दाणे असतात. असे दाणे वितळवून बारीक भोकांतून ओढले की धागा निघतो. त्याचे दोर होतात, गोणी होतात आणि स्वस्त कृत्रिम केसही होतात. मुंबई-पुण्याची मुले आज ‘ड्रेडलॉक्स’ म्हणून घरी ज्या जटा वळतात, त्यांचा कच्चा माल असा आपल्या ओळखीच्या रसायनांतूनच येतो. मात्र जटा हाताने करण्याची कल्पना या मुलांची नव्हे, ती फार जुनी आहे.

जटा आपोआप वाढते, असा आपला समज असतो. वाल्मीकी रामायणात गंगा ओलांडण्यापूर्वी राम गुहाकडून वडाचा चीक मागवतो आणि त्याने स्वतःच्या व लक्ष्मणाच्या जटा बांधतो. राजपुत्राला एका दिवसात तापस व्हायचे होते. केस गुंतण्याची वर्षानुवर्षे वाट पाहायला सवड नव्हती. कौटिल्य तर त्याहून व्यवहारी. त्याच्या अर्थशास्त्रात तपस्व्याच्या वेषातला हेर मुंडन केलेला किंवा जटाधारी असावा, असे सांगितले आहे. म्हणजे जटा हा वेष आहे, आणि वेष चढवता येतो, हे तेव्हाही सर्वांना ठाऊक होते.

पेणच्या शेजारच्या उरण तालुक्यात घारापुरी आहे. तेथल्या सहाव्या शतकातल्या महेशमूर्तीच्या मधल्या मुखावरचा जटामुकुट निवांत पाहावा. तो विस्कटलेला मुळीच नाही. बटा रचून, बांधून, वर अलंकार चढवलेले आहेत. भैरवाच्या मुखाशी मात्र केसांत साप वळवळतात. दगडावर काम करणाऱ्याला बांधलेली जटा आणि मोकाट जटा यांतला फरक नेमका कळत होता.

केसांत परका केस मिसळण्याचा आपला घरगुती इतिहास ‘गंगावन’ या शब्दात आहे. हा मूळचा चवरी गाईच्या, म्हणजे याकच्या शेपटीचा केस: लांब, राठ, रंग धरणारा. पुढे कोणतीही जोडवेणी गंगावनच झाली. विंचरताना निघालेले गुंतवळ बायका साठवून ठेवत आणि त्याचेच गंगावन करून घेत. स्वतःचाच केस असल्याने रंग जुळवण्याची कटकट नसे. ही युक्ती मला फार शहाणपणाची वाटते. 1843 मध्ये विष्णुदास भाव्यांनी सांगलीला ‘सीतास्वयंवर’ केले. पौराणिक नाटक आले तसे ऋषीही आले, आणि ऋषी म्हटला की जटा आणि दाढी हवीच. गावच्या उत्सवी नाटकांत ते काम तागावर भागे. ताग खाजतो, घामाने चिकटतो आणि दिव्याजवळ गेला तर पेट घेतो.

हा शेवटचा दोष कृत्रिम धाग्याने कमी केला. जपानच्या कानेका कंपनीने 1957 मध्ये ‘कानेकालॉन’ बाजारात आणला. हा मोडॅक्रिलिक धागा असून अ‍ॅक्रिलोनायट्राइल आणि व्हिनाइल क्लोराइड यांपासून होतो. त्यातल्या क्लोरीनमुळे तो सहज जळत नाही आणि ज्योतीपासून दूर नेला की विझतो. 1960 च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेने चिनी केसांच्या आयातीवर बंदी घातली. त्यामुळे मानवी केसांची टंचाई झाली आणि टोप करणारे कृत्रिम धाग्यांकडे अधिकच वळले.

जटेसाठी धागा निवडताना चमक हाच शत्रू. नायलॉन आणि पॉलिप्रॉपिलीन चकचकीत व निसरडे, त्यामुळे पीळ सुटतो. पॉलिप्रॉपिलीन तर साधारण 165 अंशांना वितळते, तापल्या इस्त्रीपासून दूरच बरे. मोडॅक्रिलिक किंचित खरखरीत असतो. तो उलटा विंचरून गुंतवायचा, तळव्यांत वळायचा आणि वाफ द्यायची. मग पीळ बसतो. रंगाचेही तसेच. खरा काळा केस कधीच एका काळ्याचा नसतो. म्हणून काळा आणि गडद तपकिरी धागा एकत्र धरून, ओढून, पुन्हा एकमेकांवर ठेवत मिसळायचा. टोकेही समान ठेवायची नाहीत, नाहीतर जटा केरसुणीसारखी दिसते.

मराठीने मात्र दोन शब्द राखून ठेवले आहेत. साधूच्या ‘जटा’, बाईच्या डोक्यात ‘जट’. साधू जटा राखतो. बाईला जट ‘येते’. ती यल्लम्माचे बोलावणे मानली जाते, आणि तिच्यापायी मुली देवीला सोडल्या गेल्या. मुंबई इलाख्याने 1934 मध्ये देवदासी प्रथेविरुद्ध कायदा केला. 2009 च्या ‘जोगवा’ चित्रपटातल्या सुलीची वाताहतही जटेपासूनच सुरू होते. जट येते ती न विंचरलेल्या केसांत तेल, घाम आणि धूळ बसून. पुढे कंगवा लावायलाच भीती वाटते. ओझ्याने मान दुखते, आत उवा होतात, नीट न्हाता येत नाही.

वळलेली कृत्रिम जटा मुळाशी बांधलेला दोरा कापला की एका संध्याकाळी उतरते. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांना बाईची जट उतरवण्यासाठी आधी तिच्या घरी जाऊन बसावे लागते. तिच्याशी बोलायचे, मग नवऱ्याशी, सासूशी. देवी कोपेल या भीतीचे उत्तर एका भेटीत देता येत नाही. पुष्कळदा पुन्हा जावे लागते. कात्री पिशवीतच असते. ती हो म्हणेपर्यंत बाहेर काढत नाहीत.