एदो शहराची धान्यकोठारे

1787 च्या उन्हाळ्यात एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, उपाशी जमावाने तांदळाची दुकाने एकामागून एक फोडली. आणि विशेष हे की त्यांतील कित्येकांनी तांदूळ घरी न नेता पोती फाडून तो रस्त्यावरच्या चिखलात ओतला. त्यांचा संताप धान्य नसण्यावर नव्हता, ते वखारींत दाबून ठेवून भाव चढवणाऱ्यांवर होता. 1783 मधील आसामा पर्वताचा उद्रेक आणि लागोपाठच्या थंड, पावसाळी उन्हाळ्यांनी ईशान्येकडील पिके बुडाली होती, आणि तो दुष्काळ अखेर शोगुन या लष्करी शासकाच्या राजधानीच्या दारात येऊन उभा राहिला होता.

या दंग्यानंतर लवकरच राज्यकारभाराची सूत्रे हाती घेतलेल्या मात्सुदायरा सादानोबू यांनी त्याच दुष्काळात आपल्या शिराकावा जहागिरीत बाहेरून धान्य आणवून रयत जगवली होती. साठवणीची कल्पना जपानला नवी नव्हती: आठव्या शतकातील कायद्यात ऐपतीनुसार कुटुंबांच्या नऊ श्रेणी ठरवून प्रत्येकाकडून राखीव कोठारासाठी बाजरीसारखे भरड धान्य घेण्याची तजवीज होती, आणि आयझू संस्थानात 1655 साली चिनी तत्त्वज्ञ चू शी यांच्या योजनेला अनुसरून लोककोठारे उभी राहिली होती. सादानोबूंनी 1789 मध्ये सरदारांना हुकूम केला, की दर दहा हजार कोकू उत्पन्नामागे पन्नास कोकू धान्य पाच वर्षे बाजूस काढावे. एक कोकू म्हणजे साधारणतः एका माणसाची वर्षाची बेगमी.

परंतु मला खरे महत्त्व वाटते ते एदोच्या मोहल्ल्यांसाठी 1791 मध्ये काढलेल्या फर्मानाचे. रात्रीचे पहारेकरी, वेशीचे दरवाजे, आगीचे बंब, गटारांची दुरुस्ती, उत्सव असा प्रत्येक मोहल्ल्याचा खर्च तेथील घरमालक भरत असत. मागील वर्षांची सरासरी काढून या खर्चात छाटणी करण्यात आली, आणि वाचलेल्या रकमेतील सात दशांश भाग दरसाल सार्वजनिक निधीत जमा करावा असे ठरले. शोगुनच्या खजिन्यातून आरंभी सोन्याचे दहा हजार र्‍यो घालण्यात आले. तरी पुढे कोठारे भरत राहिली ती शहरवासीयांच्या काटकसरीवर. जमाखर्च पाहण्यासाठी नामांकित सावकार नेमले गेले, निधीतून कमी व्याजाने कर्जे दिली गेली आणि मुकोयानागिहारा येथे कचेरी व कोठारे बांधण्यात आली. साठा कांडलेल्या तांदळाचा नव्हे तर टरफलासहित भाताचा असे, कारण भात तांदळापेक्षा पुष्कळ अधिक काळ टिकते. आणि जुने भात काढून नवे भरण्याचा क्रम सांभाळला जाई. दुष्काळात, आगीत किंवा साथीत मागच्या बोळांतील भाडेकरूंना हे धान्य व पैसा मिळे.

पुढील कसोटी 1830 च्या दशकातील तेम्पो दुष्काळात लागली. ओसाका येथे ओशिओ हेइहाचिरो या विद्वान माजी अधिकाऱ्याने स्वतःचा ग्रंथसंग्रह विकून गरिबांना पैसे वाटले आणि 1837 मध्ये बंड पुकारले, ज्यात शहराचा मोठा भाग भस्मसात झाला. एदोत मात्र 1787 सारखा दंगा झाला नाही, आणि त्याचे बरेचसे श्रेय त्या कोठारांना द्यावे लागते. एका पुरुषाने उदारपणे सर्वस्व विकले तरी जे साधत नाही, ते हजारो घरमालकांनी सुकाळात बिनबोभाट भरलेल्या हिश्श्याने साधते. आपल्याकडे 1876–78 च्या दुष्काळात सरकारी कामांवर खडी फोडून पोट जाळणाऱ्या दख्खनच्या रयतेपाशी असा निधी असता, तर कितीतरी जीव वाचले असते!

शोगुनशाही गेल्यावर शिल्लक निधीतूनच 1872 साली तोक्योत निराधारांसाठी योइकुइन ही संस्था निघाली, आणि उद्योगपती शिबुसावा एइइची यांनी 1931 मध्ये मृत्यू येईपर्यंत, अर्धशतकाहून अधिक काळ, तिचा भार वाहिला.

आज जपानमध्ये सेकंड हार्वेस्ट जपान यासारख्या फूड बँका कंपन्यांकडील उरलेले अन्न गरजूंना पोचवितात. 2012 मध्ये तोक्योच्या ओता भागातील एका भाजीवाल्या बाईंनी सुरू केलेली मुलांची खानावळ आता देशभर पसरली आहे. 2019 साली अन्ननासाडी रोखण्याचा कायदाही झाला. हे कार्य निःसंशय स्तुत्य आहे. परंतु हा पुरवठा मुख्यतः दुसऱ्याच्या शिलकीवर अवलंबून आहे, आणि शिल्लक कमी पडली की गरिबाचे ताट आधी रिकामे होते. एदोच्या मोहल्ल्यांप्रमाणे आधीच ठरलेला, दरसाल बांधील असा हिस्सा या संस्थांना मिळाला पाहिजे, आणि तो देण्याची जबाबदारी प्रत्येक शहराने स्वतःच्या जमाखर्चात लिहून घेतली पाहिजे.