मध्यरेखेवरील वत्सगुल्म आणि पंचांगगणितातील नियतता

वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी म्हणून वत्सगुल्माचे, म्हणजे आजच्या वाशीमचे, नाव इतिहासाच्या अभ्यासकांस परिचित आहे. ज्योतिर्गणिताच्या इतिहासातही या नगरास स्थान आहे, याची दखल मात्र क्वचितच घेतली जाते. भास्कराचार्यांच्या 'करणकुतूहल' (इ. स. ११८३) या ग्रंथात लंकेपासून मेरूपर्यंत जाणाऱ्या मध्यरेखेवरील स्थळांत उज्जयिनी व कुरुक्षेत्र यांच्याबरोबर वत्सगुल्माचीही गणना आहे. वाशीमच्या मध्यमेश्वर मंदिराचा संबंधही स्थानिक परंपरा याच रेखेशी जोडते.

ही रेखा गणितात काय साधते? अहर्गण हाती घेऊन काढलेला मध्यम ग्रह मध्यरेखेवरचा असतो. अन्य स्थळी ग्रहाच्या दैनंदिन गतीस रेखेपासूनच्या अंतराने गुणून भूपरिघाने भागावे लागते. आलेले फल पूर्वेस वजा करावयाचे, पश्चिमेस मिळवावयाचे. याचा अर्थ असा की, स्थळ हे गणकाच्या मनात गृहीत न राहता एक स्पष्ट राशी म्हणून गणितात येते. दिवस तोच, स्थळ तेच, तर उत्तरही तेच. मग गणक कोणीही असो.

या नियततेमुळेच कोष्टके शक्य झाली. नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी 'ग्रहलाघवा'त (१५२०) ११ वर्षांचे, ४०१६ दिवसांचे चक्र कल्पून मोठ्या अहर्गणाचा भार टाळला, आणि 'तिथिचिंतामणी'त (१५२५) तिथिसाधनाचे बरेचसे गणित आधीच करून सारणीत बसविले. पंचांगकर्त्यास थोड्या बेरजा पुरू लागल्या.

आजच्या डेटाबेसमधील प्रश्न याहून फारसा वेगळा नाही. वापरकर्त्याने रचलेले फलन केवळ दिलेल्या राशींवर अवलंबून असेल, तरच त्याचे उत्तर एकदा काढून अनुक्रमणिकेत साठविता येते व शोध जलद होतो. ते आतून चालू घड्याळ किंवा स्थानिक कालविभाग वाचीत असेल, तर साठविलेले उत्तर खोटे ठरण्याचा धोका राहतो. पोस्टग्रेएसक्यूएल ही प्रणाली अशा अनुक्रमणिकेसाठी 'इम्यूटेबल' म्हणून घोषित केलेलेच फलन स्वीकारते. पण घोषणेच्या खरेपणाची जबाबदारी रचणाऱ्यावरच असते.

वत्सगुल्माची घोषणाही तंतोतंत खरी नव्हती. आधुनिक मापनाने वाशीम उज्जैनच्या पूर्वेस सुमारे १ अंश २० कला भरते. म्हणजे केवळ रेखांशापुरते पाहिले तर सूर्योदयात सव्वापाच ते साडेपाच मिनिटांचे, सुमारे १३ पळांचे, अंतर पडते. तेवढ्या वेळात चंद्र जेमतेम ३ कला सरकतो. पण एकादशी नेमक्या त्या पळांत संपत असेल, तर शून्य देशांतर धरणाऱ्या गणकाच्या पंचांगात वाशीमची उदयतिथी चुकते, आणि उपवासाचा दिवसही.


सारणी जुनी झाली की करणकार मधल्याच ओळीत दुरुस्ती करीत नसत; नवा आरंभकाल धरून नवे करण रचीत. गणेश दैवज्ञांनी दृक्प्रत्ययासाठी निरनिराळ्या पक्षांतून ग्रह निवडून घेतले, ते याच रीतीने.